कमला सोहोनी

कमला सोहोनी (माहेरचे नाव: कमला नारायण भागवत, जन्म: इ.स. १९११, इंदूर; मृत्यू: २८ जून, इ.स. १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. कडधान्यांतील प्रथिने, त्या प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक आणि नीरेचे पोषणमूल्य हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होत. केंब्रिज विद्यापीठातून त्यांनी इ.स. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळविली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्राध्यापक आणि नंतर त्या संस्थेच्या संचालक झाल्या. प्रसिद्ध लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी.

विज्ञानात डॉक्टरेट मिळविणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो. तो जपून वापरावयास हवा, कारण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट इ.स. १९३१ मध्येच मिळाली होती. पहिलेपणाच्या या वादात एक गोष्ट मागे पडते. गरीब माणसाच्या ताटात जे अन्न पडते त्यातले त्याच्या अंगी किती लागते, हा प्रश्न सोहोनी यांनी जवळजवळ तीस वर्षे सोडला नाही.

बालपण आणि कुटुंब

वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या ज्या संस्थेला लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, त्या भारतीय विज्ञान संस्थेचे ते आरंभीच्या काळातील विद्यार्थी. घरात विज्ञानाइतकेच वाचनाचे आणि भाषेचे वातावरण होते. थोरली बहीण साहित्य आणि समाजशास्त्राकडे वळली, तर धाकटीने वडिलांची वाट धरली. इ.स. १९३३ मध्ये कमला भागवत मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन उच्च श्रेणीत उत्तीर्ण झाल्या. यानंतर वडिलांच्याच संस्थेत जावयाचे, हे त्यांच्या मनात ठरलेले होते.

बंगळूर

त्या वर्षी भारतीय विज्ञान संस्थेच्या संचालकपदी सर चंद्रशेखर वेंकट रामन आले होते. नोबेल पारितोषिक मिळून तीन वर्षे झाली होती आणि त्यांचा शब्द संस्थेत अंतिम मानला जाई. गुणवत्ता यादीत वरचे स्थान असूनही कमला भागवत यांचा अर्ज त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणाने नाकारला गेला. वडिलांनी आणि काकांनी रामन यांना विनंती केली, तिचाही उपयोग झाला नाही. तेव्हा कमला स्वतः बंगळूरला गेल्या आणि प्रवेश न देण्याचे कारण त्यांनी रामन यांना विचारले. समाधान होईल असे उत्तर मिळेना. मग त्यांनी संचालकांच्या कचेरीपुढे सत्याग्रह आरंभिला. सविनय कायदेभंगाच्या चळवळीचे ते दिवस असल्यामुळे हा मार्ग एखाद्या विद्यार्थिनीला सुचणे नवलाचे नव्हते. मात्र तो एका वैज्ञानिक संस्थेच्या दारात वापरला जाणे नवे होते.

रामन यांनी अखेर प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावयाचे होते आणि पुरुष संशोधकांच्या कामात त्यांच्या असण्याने व्यत्यय येता कामा नये, असेही बजावण्यात आले. कमला यांनी अटी मान्य केल्या. ही मान्यता आनंदाने दिलेली नव्हती. उतारवयात, इ.स. १९९७ मध्ये महिला वैज्ञानिकांच्या एका समारंभात बोलतानाही त्यांच्या मनातील तो सल लपून राहिला नाही. रामन यांच्या वैज्ञानिक थोरवीविषयी त्यांना शंका नव्हती. पण त्या थोरवीबरोबर इतका संकुचितपणा कसा नांदू शकतो, हे कोडे त्यांना अखेरपर्यंत सुटले नाही.

बंगळूरला त्यांचे मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या होते. शिस्तीचे कडक, पण शिकण्याची आस असलेल्या विद्यार्थ्याला हातचे न राखता शिकविणारे, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या हाताखाली कमला यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. बहुसंख्य भारतीयांच्या आहारात मांस आणि अंडी क्वचित येतात व दूध सर्वांना पुरत नाही. शरीर बांधणाऱ्या प्रथिनांसाठी त्यांना मुख्यतः डाळी-कडधान्यांवर विसंबावे लागते. विषयाच्या निवडीमागे ही जाणीव होती. इ.स. १९३६ मध्ये त्यांनी विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. ही पदवी मिळविली. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले आणि पुढे संस्थेचे दार विद्यार्थिनींना उघडले गेले. कमला सोहोनी यांच्या चरित्रातील हा सर्वाधिक सांगितला जाणारा प्रसंग आहे. तो सांगताना त्यांच्या पुढील संशोधनाला बहुतेकदा चार ओळीही मिळत नाहीत.

केंब्रिज

शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला गेल्या. केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्र संस्थेचे प्रमुख तेव्हा सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल इ.स. १९२९ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. दुधातील केसीन या प्रथिनाचे स्वादुपिंडाच्या रसाने पचन घडवून त्यातून ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वेगळे काढण्याचे कामही त्यांच्या नावावर होते. त्यांच्या प्रयोगशाळेत स्त्री-संशोधकांची संख्या त्या काळाच्या मानाने लक्षणीय होती. बंगळूरला ज्या गोष्टीसाठी दारात बसावे लागले, ती येथे सहज मिळाली.

प्रारंभी त्या डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम करीत. ते अन्यत्र गेल्यावर वनस्पतींच्या ऊतींवर संशोधन करणारे रॉबिन हिल यांच्याकडे त्या गेल्या. बटाट्यावर काम करीत असताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, असे त्यांना आढळले. सायटोक्रोम-सी हे लोह असलेले एक लहान प्रथिन आहे. पचलेले अन्न रक्तावाटे पेशीपर्यंत पोहोचल्यावर प्राणवायूच्या साहाय्याने त्यातील ऊर्जा मोकळी होते. या क्रियेत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपविण्याचे काम सायटोक्रोम-सी करते. प्राण्यांत आणि वनस्पतींत श्वसनाची ही यंत्रणा मुळात एकच आहे, हे समजण्यास त्यांच्या शोधाचा हातभार लागला.

हे सारे काम सुमारे चौदा महिन्यांत आटोपले. त्यांचा प्रबंध केवळ चाळीस पानांचा होता, असे सांगितले जाते. इ.स. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली आणि त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. पुढील संशोधनासाठी परदेशात राहणे शक्य असताना त्यांनी हा निर्णय घेतला.

दिल्ली आणि कुन्नूर

नवी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. तेथून त्या निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलविण्यात आली आणि राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. कुन्नूरला त्यांनी प्रामुख्याने जीवनसत्त्वांवर काम केले. इ.स. १९४७ मध्ये विमागणितज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या.

मुंबई: कडधान्ये आणि पचन

इ.स. १९४९ च्या सुमारास मुंबईच्या विज्ञान संस्थेत, म्हणजे तेव्हाच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग उघडला आणि सोहोनी त्या विभागात प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. विभाग उभारण्यापासून सारे त्यांनाच करावयाचे होते. बंगळूरला हाती घेतलेला कडधान्यांचा विषय त्यांनी येथे पुन्हा उचलला आणि त्याला नवे वळण दिले. कडधान्यात प्रथिने किती आहेत हे मोजणे एक. ती खाणाऱ्याच्या पोटात किती पचतात हे शोधणे वेगळे. सोहोनी दुसऱ्या प्रश्नाकडे वळल्या.

हे संशोधन समजण्यासाठी प्रथिनांच्या पचनाचा क्रम थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. अन्नाचे विघटन तोंडातच सुरू होते. चावताना घासाचे बारीक तुकडे होतात, त्यांत लाळ मिसळते आणि लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टमय पदार्थांचे साखरेत रूपांतर करू लागते. भाकरीचा तुकडा बराच वेळ चघळला की गोडसर लागतो, तो यामुळेच. प्रथिनांच्या बाबतीत मात्र तोंडात फक्त चर्वण होते. त्यांचे रासायनिक विघटन जठरात सुरू होते. तेथील हायड्रोक्लोरिक आम्लाने प्रथिनाच्या रेणूची घडी उलगडते आणि पेप्सिन हे विकर त्या लांब साखळीचे लहान तुकडे करते. हे तुकडे लहान आतड्यात उतरले की त्यांवर स्वादुपिंडाचा रस येऊन पडतो. या रसातील ट्रिप्सिन हे पुढील पचनाचे मुख्य विकर होय.

स्वादुपिंड ट्रिप्सिन तयार स्थितीत सोडत नाही, कारण तसे केल्यास ते स्वादुपिंडालाच पचवू लागेल. ते ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात बाहेर पडते आणि आतड्याच्या अस्तरातील एन्टेरोकायनेज या विकरामुळे तेथे कार्यक्षम बनते. एकदा ट्रिप्सिन तयार झाले की ते प्रथिनांचे तुकडे करते, शिवाय स्वादुपिंडाच्या रसातील प्रथिने तोडणाऱ्या इतर विकरांनाही जागे करते. शेवटी उरतात ती अमिनो आम्ले आणि त्यांच्या छोट्या जोडण्या. त्याच आतड्याच्या भिंतीतून आत घेतल्या जातात. ट्रिप्सिनचे काम अडले तर त्याच्यावर अवलंबून असलेली सारी साखळी मंदावते.

अनेक द्विदल वनस्पतींच्या बियांत नेमके ट्रिप्सिनलाच अडविणारे पदार्थ असतात. हे पदार्थही प्रथिनेच होत. ते ट्रिप्सिनच्या रेणूला घट्ट चिकटतात आणि त्याला निकामी करतात. किडींपासून बियांचे रक्षण करणे हा वनस्पतीच्या दृष्टीने त्यांचा उपयोग असावा. कच्च्या सोयाबीनवर पोसलेले उंदीर नीट वाढत नाहीत, तेच सोयाबीन शिजवून दिले तर वाढतात, हे अमेरिकेत इ.स. १९१७ मध्येच दिसून आले होते. पुढे १९४० च्या दशकात सोयाबीनमधील असा निरोधक स्फटिकरूपात वेगळा करण्यात आला. तथापि सोयाबीन हे तेव्हा भारतीयांचे अन्न नव्हते. आपल्याकडे रोज शिजणाऱ्या वाल, पावटा, डबल बी यांत काय आहे, हे येथील शास्त्रज्ञांनीच पाहावयाचे होते.

सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिन-निरोधकांचा पद्धतशीर शोध घेतला. या मालिकेतील निबंध १९५० च्या दशकाच्या मध्यापासून प्रसिद्ध होऊ लागले. वालवर्गीय पावटा आणि डबल बी यांतील निरोधक स्फटिकरूपात वेगळे केल्याचा त्यांचा निबंध इ.स. १९५५ मध्ये लंडनच्या 'नेचर' या साप्ताहिकात छापून आला. एखादे प्रथिन स्फटिकरूपात मिळणे ही त्या काळी त्याच्या शुद्धतेची मोठी कसोटी मानली जाई. मुंबईतील नव्याने उभ्या राहिलेल्या विभागाने, मर्यादित साधनांवर, ही कसोटी पार केली. निरोधक केवळ द्विदल धान्यांतच असतात असे नाही, हेही त्यांच्या गटाच्या कामातून दिसले; उपासाला चालणाऱ्या रताळ्यातही ते आढळले. पुढे त्यांच्या विभागाने पावट्यासारख्या बियांतील रक्तपेशींच्या गुठळ्या करणाऱ्या प्रथिनांचाही अभ्यास केला. ही प्रथिने कच्च्या बियांवाटे पोटात गेली तर आतड्याच्या अस्तराला अपाय करू शकतात.

या संशोधनाचा व्यवहारातील अर्थ साधा आहे. यांतील बरेचसे निरोधक उष्णतेने निष्प्रभ होतात, म्हणून कडधान्य भिजवून पूर्णपणे शिजविणे हा पचनाचाच एक भाग ठरतो. पोटातील काम चुलीवरच सुरू होते, असे म्हटले तरी चालेल. कोकणातील घरांत वाल रात्रभर भिजवून, मोड आणून, साले सोलून मग शिजवितात. घाटावर मटकीला मोड आल्याशिवाय उसळ होत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने रूढ झालेल्या या पद्धतींना रसायनशास्त्राचे पाठबळ मिळाले. मात्र प्रश्न केवळ पद्धतीचा नव्हता. जेथे सरपण पुरेसे नाही, तेथे डाळही अर्धीकच्ची उतरते आणि ताटात प्रथिन असूनही अंगी लागत नाही. शिवाय ट्रिप्सिन अडल्यावर त्याची भरपाई करण्यासाठी स्वादुपिंड अधिक रस स्रवते आणि त्यात गंधकयुक्त अमिनो आम्ले खर्ची पडतात. कडधान्यांत नेमकी हीच अमिनो आम्ले मुळात कमी असतात. ज्याच्याकडे थोडे आहे त्याच्याच खिशातून अधिक जाते, असा हा प्रकार आहे.

नीरा

सोहोनी यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला तो नीरेवरील संशोधनासाठी. ताड, माड, शिंदी अशा झाडांतून पहाटे काढलेला, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. तोच आंबला की ताडी होते. मुंबई राज्यात इ.स. १९४९ चा दारूबंदी कायदा आल्यानंतर ताडी काढणाऱ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला होता, आणि नीरा व ताडगूळ यांकडे ग्रामोद्योग म्हणून पाहिले जात होते. या पेयात पोषणाच्या दृष्टीने काय आहे हे तपासावे, अशी सूचना राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्याकडून आली आणि सोहोनी यांनी ते काम हाती घेतले.

सुमारे दशकभर चाललेल्या या अभ्यासात नीरेतील शर्करेबरोबरच जीवनसत्त्वे आणि लोह यांची मोजणी झाली. नीरेपासून केलेल्या गुळात आणि काकवीतही त्यांतील काही घटक टिकून राहतात, असे त्यांच्या गटाला दिसले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचे त्यांनी नोंदविले. याच काळात त्यांच्या विभागात भाताच्या पिठाच्या पोषणमूल्यावरही काम झाले.

पुरस्कारामुळे त्यांचे नाव आज मुख्यतः नीरेशी जोडले जाते. शास्त्रीय मूल्याच्या दृष्टीने कडधान्यांवरील काम अधिक टिकाऊ ठरले, असे म्हणावयास जागा आहे. नीरा हे मुख्यतः साखरेचे पेय आहे आणि ऊन चढू लागले की ती आंबू लागते, त्यामुळे तिचा प्रसार झाडांच्या आसपासच्या प्रदेशापुरता मर्यादित राहिला. ट्रिप्सिन-निरोधकांचा विषय मात्र पोषणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कायमचा जाऊन बसला आहे.

संचालकपद

विज्ञान संस्थेच्या संचालकपदावर सोहोनी यांची नेमणूक त्यांच्या अधिकाराप्रमाणे वेळेवर झाली नाही. संस्थेतील अंतर्गत राजकारणामुळे ती काही वर्षे लांबली. अखेर हे पद त्यांना मिळाले आणि इ.स. १९६९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते सांभाळले. मुंबईतील आरे दुग्ध प्रकल्पाच्या प्रशासनालाही त्या सल्ला देत. दूध नासू नये यासाठी त्यांनी आखून दिलेली कार्यपद्धती तेथे उपयोगी पडली. प्रयोगशाळेत दुधाच्या प्रथिनांवर सुरू झालेल्या कारकिर्दीचा हा एक अगदी व्यवहारी टप्पा होय.

ग्राहक चळवळ आणि लेखन

इ.स. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संघटना स्थापन केली. सोहोनी त्या नऊजणींपैकी एक होत. तेव्हा भारतात ग्राहक संरक्षणाचा कायदा नव्हता; तो येण्यास आणखी वीस वर्षे जावयाची होती. हळदीत, तिखटात, तेलात, चहात काय मिसळले जाते हे गृहिणीला कळावे यासाठी संघटनेने अन्नातील भेसळ ओळखण्यावर भर दिला. निवृत्तीनंतर सोहोनी यांनी या कामाला भरपूर वेळ दिला. संघटनेच्या 'कीमत' या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले आणि १९८० च्या दशकाच्या प्रारंभी त्या संघटनेच्या अध्यक्षाही झाल्या.

मराठीत त्यांनी आहारशास्त्रावर 'आहारगाथा' हे पुस्तक लिहिले. दुर्गाबाईंचे 'खमंग' हे पाककृतींचे पुस्तक मराठी वाचकांना परिचित आहे. एका बहिणीने पदार्थाची चव आणि परंपरा लिहिली, दुसरीने तोच पदार्थ पोटात गेल्यावर त्याचे काय होते ते सांगितले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

मृत्यू आणि त्यानंतर

सोहोनी यांच्या कार्याची दखल देशपातळीवर फार उशिरा घेतली गेली. त्या ऐंशीच्या पुढे गेल्या असताना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला. त्या समारंभात त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात, २८ जून, इ.स. १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. १८ जून, इ.स. २०२३ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे स्मरणचित्र प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शक, चाचणीपट्ट्या आणि ताडाचे झाड अशा खुणांनी अशा चित्रांत त्यांची ओळख करून दिली जाते. वालाची शेंग त्यांत सहसा नसते.